रोझरी किती वेळ चालते? आणि आमच्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस साधारण एकाच क्रमाने जातो. आधी मुलं मोजतो, मग भिंतीवरच्या तसबिरी मोजतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "एक विचारू का? राग नका मानू." विचारा हो. पाच मुलं, एक नवरा, एक सासूबाई आणि दर रविवारची लॅटिन मिस्सा (म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) एवढं पदरात असल्यावर रागवायला वेळ कुठे आहे? उत्तरं एकदा लिहून ठेवली म्हणजे दर वेळी हातातलं काम टाकून सांगत बसायला नको. धर्मशिक्षण हवं असेल तर फादरांकडे जा. इथे फक्त आमचं घर कसं चालतं ते कळेल. चालतं म्हणजे, रांगतं.

ही सगळी मुलं तुमचीच?

हो. परवा जेवताना मोजली तर सहा भरली, पण त्यातलं एक शेजारचं निघालं. तोवर त्याचं जेवून झालं होतं.

या प्रश्नाला जोडून येणारा दुसरा प्रश्न म्हणजे "तुमच्याकडे टीव्ही नाही वाटतं?" नाही. पण टीव्हीची संत आमच्याकडे आहे. असिसीची संत क्लारा. आजारपणामुळे तिला मिस्सेला जाता येईना, तेव्हा खोलीच्या भिंतीवरच तिला मिस्सा दिसली, अशी कथा आहे. म्हणून पोप पायस बारावे यांनी तिला दूरदर्शनची आश्रयदाती ठरवलं. तिचं चित्र आमच्या दिवाणखान्यात नेमकं तिथे लावलंय जिथे इतरांकडे टीव्ही असतो, आणि थोरला रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. निषेध म्हणून.

आमच्या ओळखीपाळखीत पाच म्हणजे फार नाहीत, हेही सांगून ठेवते. नऊ मुलांच्या एका आईने मला मायेने म्हटलं होतं, "अजून दोन हात रिकामे दिसतात तुझे."

'पारंपरिक' म्हणजे नक्की काय हो?

सोपं उत्तर: जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा, १९६२ सालच्या मिस्सा-ग्रंथाप्रमाणे. हा ग्रंथ ट्रेंटच्या परिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये लावून दिलेल्या पद्धतीचा वारस. नवी मिस्सा १९६९ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांपासून सुरू झाली. पुढे २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुनीला मोकळीक दिली, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली. यावर लोक तासन्‌तास भांडू शकतात आणि भांडतातही. आम्ही बिशपांनी जिथे परवानगी दिली आहे तिथे जातो, आठवड्यात अधेमधे आपल्या भाषेतल्या मिस्सेलाही जातो आणि भांडण बुटांसाठी राखून ठेवतो.

घरगुती व्याख्या मात्र वेगळी आहे. ज्या घरात १९६९ सालच्या गोष्टीला "हे हल्लीचं" म्हणतात, ते पारंपरिक घर. सासूबाई म्हणतात.

मुलांना लॅटिन कळतं?

ऐकू येतं. कळण्याचं म्हणाल तर ती आपल्या परीने लावून घेतात.

फादर वेदीकडून वळून "डोमिनुस व्होबिस्कुम" म्हणतात, म्हणजे प्रभू तुम्हांबरोबर असो. आमचं तीन वर्षांचं शेंडेफळ कान टवकारतं, कारण त्याला त्यात "बिस्कूट" ऐकू येतं. दर रविवारी येतं, आणि मिस्सेत हे एकदा म्हणून थांबत नाहीत. एकदा तर त्याने बाकावर उभं राहून हात पुढे केला होता.

"किरिए एलेइसोन" म्हणजे धाकटीच्या मते "कैरी, ए, लसूण". नऊ वेळा. मी तिला समजावलं की बाळा, हे तर लॅटिनसुद्धा नाही, ग्रीक आहे, "हे प्रभू, दया कर" असा अर्थ आहे. ती म्हणाली, "मग चटणी करायची नाही का?"

"आन्युस देई", देवाचं कोकरू, हे मधला "अन्नच देई" असं म्हणतो, आणि मिस्सा संपायला आलेली असते, पोटात काही नसतं, त्यामुळे फार कळकळीने म्हणतो. त्याच्यासारखी कळकळ गायकवृंदातही कुणाची नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ "पेर ओम्निया सेकुला सेकुलोरुम"चा. युगानुयुगे. सात वर्षांचा असताना मधल्याला यात "सायकल, सायकलोरम" ऐकू यायचं. फादरसुद्धा इतकी वर्षं सायकलच मागताहेत आणि त्यांनाही मिळाली नाही, हे कळल्यावर त्याने स्वतःसाठी मागणं सोडून दिलं आणि तो रात्रीच्या प्रार्थनेत "फादरांना सायकल मिळू दे" असं म्हणायला लागला. हे मी फादरांना सांगितलं. पुढचे दोन रविवार ते त्या शब्दांपाशी आले की किंचित थांबायचे.

"मेआ कुल्पा"ला छातीवर तीनदा मूठ मारायची असते. आमच्याकडे ती शेजारच्या भावंडाच्या छातीवर मारली जाते. "मी कुलूप, मी कुलूप, मी मोठ्ठं कुलूप." अर्थाच्या दृष्टीने फार चुकीचं नाही, असं मला कधीकधी वाटतं.

रविवारी वेळेवर पोचता का?

नऊच्या मिस्सेसाठी साडेआठला आम्ही सगळे तयार असतो, एक बूट सोडून.

हा एक बूट दर वेळी वेगळ्या मुलाचा असतो, पण एकच असतो. दोन्ही बूट हरवले असते तर चपला घालून निघालो असतो. एक सापडतो म्हणून दुसऱ्याची आशा सुटत नाही. मागच्या मे महिन्यात आम्ही पावणेनऊपर्यंत शोधलं. नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवतोय, मग हॉर्न वाजवणं हे रागाचं पाप आहे का यावर थोरला गाडीतच वाद घालतोय, सासूबाई जपमाळ काढून दारात उभ्या. बूट अखेर धाकटीच्या पलंगाखाली मिळाला. त्यात कापूस घातलेला, कापसावर बाहुली झोपवलेली, बाजूला प्लास्टिकची गाय. "तिला खोलीत जागा मिळाली नाही ना," धाकटी म्हणाली. आता यावर काय रागवणार? बाहुलीला उशीवर हलवलं, गाईला सोबत ठेवलं आणि बूट घातला. कापूस तसाच राहिला. ती पूर्ण मिस्सा लंगडत होती.

त्यात उपास. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायचं तर आधी उपाशी राहावं लागतं. सध्याचा नियम एक तासाचा, १९६४ पासूनचा. त्याआधी १९५७ पासून तीन तास, आणि त्याहीआधी मध्यरात्रीपासून. १९५३ पर्यंत तर पाणीसुद्धा चालत नसे. आम्ही घरी तीन तासांचा धरतो. सासूबाईंच्या आईच्या काळी लोक पहाटे कोरड्या घशाने चालत जायचे, हे आम्हाला दर रविवारी गाडीत ऐकायला मिळतं. थोरल्याने एकदा हिशोब केला, की आजीच्या प्रत्येक सांगण्यात ते अंतर वाढतं आहे.

मागे बसता की पुढे?

मागचे बाक आधी भरतात, हा कॅथलिक लोकांचा जगभरचा नियम. उशिरा येणाऱ्याला पहिला बाक. म्हणजे आम्हाला.

जुन्या मिस्सेत फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणतात आणि मधला मोठा भाग अगदी हळू आवाजात असतो. चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत आमच्या शेंडेफळाने खणखणीत आवाजात विचारलं, "आई, फादर कुणाशी बोलतायत? तिकडे तर कुणीच नाहीये!"

मी तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या. त्याच्या तोंडावर ठेवायचा हे सुचेपर्यंत सासूबाईंनी उत्तर दिलं होतं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज तिसऱ्या बाकापर्यंत जाते. "देवाशी!" त्या म्हणाल्या. "आणि तू गप्प बस, त्यांचं बोलणं चाललंय ना!"

डोक्यावर ती जाळी कशासाठी?

१९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं होतं, १९८३ च्या संहितेत ते नाही. म्हणजे आता सक्ती नाही. मी घेते, कारण मला आवडतं. शिवाय ज्या रविवारी केसांना फणी लागलेली नसते त्या रविवारी तर फारच आवडतं. तान्ह्या मुलांना ती ओढायला आवडते, वर्षभराच्या मुलाला चावायला आवडते आणि तीन वर्षांच्या मुलाला तिच्याखाली शिरून "भॉक" करायला आवडतं. फादर प्रवचन देत असताना माझ्या डोक्याच्या मागून "भॉक" आलं तर समजून घ्या.

रोझरी किती वेळ चालते?

हा मुख्य प्रश्न. कारण पाहुणा बहुतेक रोझरीच्या आधीच आलेला असतो आणि त्याला पुढची बस गाठायची असते.

रोझरी म्हणजे जपमाळेवर म्हणायची प्रार्थना. पाच दशकं, म्हणजे दहा-दहाचे पाच गट, सुरुवातीच्या तीन धरून ५३ वेळा 'नमो मरिये'. शांतपणे म्हटलं तर वीस मिनिटं. आमच्याकडे चाळीस. मधली वीस मिनिटं कुठे जातात त्याचा तपशील असा:

पहिल्या दशकात कोण पुढाकार घेणार यावर वाद. दुसऱ्या दशकात कुणीतरी बोटांवर मोजतंय, माळेवर नाही, आणि त्याचे अकरा झाले की नऊ यावर वाद. आमचा मधला स्वभावाने हिशेबी आहे. तो म्हणतो, मागच्या मंगळवारी आपण एक जास्त म्हटला होता, तो इथे धरा. तिसऱ्यात पाणी. एकाला तहान लागली की पाचही घशांना कोरड पडते. चौथ्यात एक मूल जमिनीवर आडवं होतं आणि हळूहळू सोफ्याखाली दिसेनासं होतं. पाचव्यात नवरा घोरतो.

नवऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. लिझ्यूच्या संत तेरेजाने, जिला १९९७ मध्ये ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून मान मिळाला, प्रार्थनेत आपल्याला झोप लागते हे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. आईवडिलांना मुलं जागेपणी आवडतात तशी झोपेतही आवडतात, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला तेरेजाचं दुसरं एक वाक्य माहीत नाही, हे एक पाठ आहे.

मग लोरेटोची लितानी. मरियामातेची एकेक नावं घ्यायची आणि सगळ्यांनी "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी यात तीन नावं वाढवली, तेव्हा आमच्या थोरल्याने जाहीर सुस्कारा सोडला होता. लितानीची लय लागली की थांबवता येत नाही. एकदा भर लितानीत नवऱ्याने "गॅस बंद केलास का?" असं विचारलं आणि पाचही मुलं एका सुरात म्हणाली, "आम्हांसाठी विनंती कर."

शेवटी खास हेतूंसाठीच्या प्रार्थना. आजारी नातेवाईक, परीक्षा, मृत आत्मे, फादरांची सायकल. या यादीत नाव जायला सोपं, निघायला कठीण. पाच वर्षांपूर्वी बरी झालेली एक कंबर अजून त्यात आहे.

गुरुवार असेल तर आणखी दहा मिनिटं धरा. रोझरीची पारंपरिक रहस्यं, म्हणजे एकेका दशकाला मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, पंधरा: आनंदाची, दुःखाची, गौरवाची. त्या हिशेबाने गुरुवार आनंदाचा. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच सुचवली आणि ती गुरुवारला आली. सासूबाई पंधरावर ठाम आहेत. नवरा वीसवर ठाम आहे, कारण तो जॉन पॉल यांच्या काळात वाढला. दोघंही एकमेकांना "तुमचं म्हणणं मला मान्य आहे" म्हणतात आणि दोघंही एकाच वेळी सुरू करतात.

हरवलेली वस्तू खरंच सापडते?

पादुआचा संत अंतोनी. जन्माने लिस्बनचा. १२३१ मध्ये वारला आणि वर्ष उलटायच्या आत, १२३२ मध्ये संत जाहीर झाला. त्यावरून कामाचा उरक लक्षात यावा. त्याचं स्तोत्रांचं पुस्तक एका नवशिक्या मठवासीयाने पळवलं, अंतोनीने प्रार्थना केली, पुस्तक परत आलं. तेव्हापासून किल्ल्या, चष्मे, बूट आणि शाळेच्या वह्या हे खातं त्याच्याकडे.

आमचा अनुभव असा, की सापडतं. फक्त जे मागितलं तेच सापडतं असं नाही. नवऱ्याच्या गाडीच्या किल्लीसाठी प्रार्थना केली तर दोन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री मिळते. सासूबाईंचा चष्मा मात्र दर वेळी मिळतो आणि दर वेळी त्यांच्या डोक्यावर मिळतो. त्या तरीही अंतोनीचे आभार मानतात, आणि आम्ही काही बोलत नाही.

शुक्रवारी जेवायला आलं तर चालेल का?

या, पण मांस मिळणार नाही. वर्षातल्या सगळ्या शुक्रवारी मांसवर्ज्य, असा मूळ नियम आहे. देशोदेशीच्या बिशप परिषदांना त्यात फेरफाराची मुभा आहे. मासे, अंडी, दूध चालतं. त्यामुळे तपश्चर्या म्हणून बसलेलं आमचं शुक्रवारचं जेवण पुष्कळदा गुरुवारच्यापेक्षा चांगलं असतं. ही कबुली मी दिली असं फादरांना सांगू नका.

मासा कशाला म्हणायचं, यावर आमच्या थोरल्याचा अभ्यास दांडगा आहे. २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी एका श्रद्धावंताच्या पत्राला उत्तर देताना, ॲलिगेटर जातीची मगर या बाबतीत माशांत धरली जाते, असं कळवलं होतं. हे कळल्यापासून तो दर शुक्रवारी, "आज मगर नाही का?" असं विचारूनच पानावर बसतो.

तो नुकताच चौदा पूर्ण झाला, म्हणजे हा नियम त्याच्यावर आता अधिकृतपणे लागू. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्याने धर्मसंहिता उघडली आणि पळवाटा शोधल्या. शुक्रवारी महोत्सव, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज्य नाही. येशूच्या पवित्र हृदयाचा सण दर वर्षी शुक्रवारीच येतो, तेवढा एक दिवस खात्रीचा. २०२१ मध्ये संत योसेफाचा सण, १९ मार्च, शुक्रवारी आला होता. २०२२ मध्ये मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा सण, २५ मार्च, तोही शुक्रवारी. ईस्टरच्या आधीच्या ऐन उपवासकाळात सलग दोन वर्षं सवलत! आणि तेव्हा आपण चौदाच्या आतले असल्यामुळे ती सवलत कायद्याने आपल्याला मिळालीच नाही, वाया गेली, असं त्याचं दुःख आहे. मी सांगितलं, दोन्ही दिवशी तू दोनदा वाढून घेतलं होतंस. तो म्हणाला, ते जेवण होतं, सवलत नव्हती.

हा मुलगा एक तर वकील होणार किंवा कार्डिनल.

उपवासकाळात चॉकलेट सोडलं असेल तर रविवारी खाता येतं का?

राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारापर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यातून सहा रविवार वजा केले की ४०. म्हणजे रविवार उपवासात मोजत नाहीत, म्हणजे चालतं, असं मुलांचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं, की प्रभू वाळवंटात रविवारी घरी येत नव्हते. गणित मुलांच्या बाजूने आहे, कपाटाची किल्ली सासूबाईंच्या.

धाकटीने यंदा उपवासकाळासाठी भाजी सोडली होती. ते मंजूर झालं नाही.

मुलं कन्फेशनला काय सांगत असतील?

असतील कशाला, मला ठाऊक आहे. गुप्ततेचं बंधन फादरांवर असतं. ते मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. मुलांवर बंधन नाही. त्यामुळे परत येताना गाडीत सगळा वृत्तांत मिळतो, विचारला नाही तरी.

सातव्या वर्षाच्या आसपास, समज आली की पहिलं कन्फेशन. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची असते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात मधल्याने फार मनावर घेतलं आणि किरकोळ पापांनाही लागू केलं. आठवडाभर त्याने पलंगाजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या. चार उभ्या, एक आडवी. खोटं बोलणे, बहिणीचे केस ओढणे, दात न घासता घासले म्हणणे, असे तीन रकाने. भिंत पाहून मी ओरडले, तर त्याने शांतपणे चौथा रकाना आखला: भिंत.

आत जाऊन त्याने फादरांना विचारलं म्हणे, की मोजण्यात चूक होऊन एखादं पाप जास्त सांगितलं गेलं, तर ते पुढच्या वेळी वळतं करता येतं का? फादर काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही. बाहेर रांगेत आम्हाला फक्त जाळीमागून खोकल्यासारखा आवाज आला, बराच वेळ.

थोरल्या मुलीची पद्धत वेगळी. ती स्वतःचं एक पाप सांगते आणि ते घडायला भावांची कोणती चार पापं कारणीभूत झाली ते सविस्तर सांगते. तिला प्रायश्चित्त म्हणून त्या भावांसाठीच प्रार्थना मिळाली, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

ही मुलं खेळतात तरी काय?

मिस्सा मिस्सा. चादरीचा झगा, पेल्याचा चषक, गोल बिस्कीट. शेंडेफळ धूप देतं, म्हणजे दोरीला बांधलेला मोजा फिरवतं. मोजा धुतलेला नसेल तर वास आपोआप. मधला प्रवचन देतो. त्याचं प्रवचन म्हणजे हात मागे बांधून, "मी आता चौथ्यांदा सांगतोय..." हे वाक्य फादरांचं नाही. माझं आहे.

दुसरा खेळ हुतात्मे. संतचरित्रं वाचून दाखवल्याचा हा परिणाम. सकल संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, मुलं संतांची सोंगं घेतात, तेव्हा मला दर वर्षी वाटतं की या वेळी कुणीतरी संत योसेफ होईल. एक चादर, एक काठी, काम झालं. पण नाही. मधल्याला पॅरिसचा संत देनी व्हायचं असतं, जो शिरच्छेदानंतर स्वतःचं डोकं हातात घेऊन चालत गेला अशी आख्यायिका आहे. थोरल्या मुलीला संत लुसी, ताटात डोळे घेऊन. थोरल्याने दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायच्या संस्कारासाठी, संत लॉरेन्सचं नाव घेतलं. त्याला जाळीवर भाजत असताना "ही बाजू झाली, आता उलटा" असं तो म्हणाला, अशी कथा आहे. तो स्वयंपाक्यांचा आश्रयदाता. मी थोरल्याला म्हटलं, छान, मग आजपासून संध्याकाळचं तू बघ. तो म्हणाला, "लॉरेन्स स्वयंपाक करत नव्हता, आई. तो स्वयंपाक होता."

वेदीवर गुलाबी रंग का होता?

आगमनकाळातला तिसरा रविवार आणि उपवासकाळातला चौथा. जांभळ्यातून जरा सुटका. इंग्रजी बोलणारे धर्मगुरू यावर हमखास सांगतात, की याला 'पिंक' म्हणू नका, हा 'रोझ' आहे. मराठीत हा वादच उभा राहत नाही, कारण आपला गुलाबी मुळात गुलाबाचाच. भाषेने एक भांडण वाचवलं. एवढं एकच.

दारावर खडूने वीजमीटरचं रीडिंग का लिहिलंय?

ते रीडिंग नाही. तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, आशीर्वादित खडूने चालू साल आणि मधे सी, एम, बी अशी अक्षरं लिहितात. कास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार. किंवा 'ख्रिस्तुस मान्सिओनेम बेनेदिकात', ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाने एकदा ते खरंच उतरवून घेतलं होतं.

नाताळ संपून महिना झाला, गोठा अजून तसाच?

२ फेब्रुवारीपर्यंत. चाळीस दिवस. उशिरा मांडतो आणि उशिरा काढतो. लोकांना वाटतं आम्ही आळशी आहोत. दोन्ही कारणं खरी आहेत.

१२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी पहिल्यांदा गोठा मांडला, तेव्हा त्यात खरा बैल आणि खरं गाढव होतं. त्यांना आवरणं सोपं गेलं असेल. आमच्याकडे बाळ येशू २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायचा नाही, असा दंडक आहे. म्हणून तो कुठेतरी "नीट" ठेवला जातो. हे "नीट" फार धोक्याचं. गेल्या नाताळला रात्री अकराला गोठा तयार, मेंढपाळ तयार, बाळ नाही. सासूबाईंनी अंतोनीचा धावा केला. पंधरा मिनिटांनी मधल्याला पिठाच्या डब्यात राजा बाल्थाझार सापडला, तो हरवल्याचं कुणाला माहीतच नव्हतं. बाळ मिळालं दुसऱ्या दिवशी दुपारी, धाकटीच्या कोटाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेलं. "थंडी होती ना," ती म्हणाली. मध्यरात्री गव्हाणीत आम्ही एक बटण ठेवलं होतं.

फ्रिजमधली निळ्या झाकणाची बाटली पिऊ का?

नको. मरियामातेच्या आकाराची आहे आणि निळा मुकुट हे तिचं झाकण आहे, हे पाहूनच अंदाज यायला हवा. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राचं पाणी आहे. फ्रिजमध्ये का ठेवलंय ते मलाही ठाऊक नाही. सासूबाईंना विचारायची माझी छाती नाही. माझ्या भावाने एकदा उन्हातून येऊन अर्धी बाटली संपवली. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे. ह्याला गरज होतीच."

मिस्सा दहाला संपते, मग तुम्ही साडेअकराला कसे येता?

चर्चबाहेर "चला, निघतो" म्हणायला.

रोझरीच्या वेळी पाहुणा आला तर त्याने काय करायचं?

बसायचं. म्हणायची सक्ती नाही. माळ हातात दिली जाईल, ती परत करता येत नाही. पाच दशकांतलं एक तुमच्या वाट्याला यावं असा मुलांचा प्रयत्न राहील. सोफ्यावर बसत असाल तर आधी खाली वाकून कुणी आहे का बघा.

गुरुवारचा वाद मिटला का?

या गुरुवारी सासूबाईंनी आनंदाचं पहिलं रहस्य जाहीर केलं, त्याच दमात नवऱ्याने प्रकाशाचं. दोघंही थांबले. "तुम्ही म्हणा, आई." "नाही, नाही, तूच म्हण." मेणबत्ती निम्म्यावर आली. तेवढ्यात मधल्याने हात वर केला.

"आपण आज दुःखाची घेऊ या का?"

"दुःखाची? गुरुवारी?" दोघांनी एकदमच विचारलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"हो," तो म्हणाला. "उद्या माझा गणिताचा पेपर आहे."